पाय जमिनीवर, चाकं पोटात!

रिमोटवरचं जेट घ्यायचं ठरलंय? मग रंग, स्पीड, आवाज सगळं नंतर. आधी सांगा, ते उतरणार कुठं?

टेक-ऑफ झाला, जेट वर चढलं आणि चाकं अलगद पोटात गेली... हा क्षण एकदम फिल्मी! हातातल्या रिमोटवर उडणारं मॉडेल त्या दोन सेकंदांत खरंखुरं विमान वाटायला लागतं. या मिटणाऱ्या चाकांना छंदातली मंडळी ‘रिट्रॅक्ट्स’ म्हणतात. जेट विकत घेताना मोह पडतो तो यांचाच. आणि पहिल्याच महिन्यात वर्कशॉपच्या टेबलावर येतात तीही हीच.

माझा एक मित्र मूळचा नळदुर्गचा. नोकरी पुण्यात, आयटीत. सुट्टी मिळाली की सोलापूरमार्गे घर. साधी प्रोपेलरवाली विमानं तो बरीच वर्षं उडवतोय. यंदा बचतीतून पहिलं जेट घ्यायचं त्यानं ठरवलं. टर्बाइनचं नाही हं, ते प्रकरण खिशाला झेपणारं नाही. फोमचं, ७० मिलिमीटरच्या इलेक्ट्रिक पंख्यावर चालणारं, दोन किलोच्या आतलं. मॉडेल पसंत पडलं, ऑर्डर देणार, तेवढ्यात त्याच्या बाबांनी विचारलं, “चाक एवढुसं दिसतंय की रे. आपल्या रानात चालतंय होय हे?”

बॉस, अख्ख्या विषयाचा फंडा काकांनी एका वाक्यात सांगितला!

आधी रान, मग विमान

मॉडेल जेट म्हणजे खऱ्या जेटची छोटी प्रत. आता खरं जेट बघा. नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये तयार झालेलं सुखोई-३० एमकेआय लोहगावला उतरतं, ते अडीच किलोमीटर लांब, गुळगुळीत धावपट्टीवर. त्याच्या प्रतीला चाकंही त्याच हिशेबानं, बारीक मिळतात. नळदुर्गच्या आसपास काय आहे? काळी जमीन, ढेकळं, ज्वारी काढल्यावर उरलेली धसकटं आणि मुरमाड माळ. बारीक चाक धसकटात अडकलं की पाय मागे वाकतो आणि सोबत पंखाचा तुकडा घेऊन निघतो.

मग मोठं चाक लावा की! इथंच मेख आहे. चाक मिटून ज्या खोबणीत बसतं, तिचं माप ठरलेलं असतं. जमीन म्हणते मोठं चाक दे, खोबण म्हणते जागा नाही. म्हणून ऑर्डर देण्याआधी जमीन बघायची आणि खोबणीत जास्तीत जास्त केवढं चाक मावेल ते मोजायचं.

हवा की वीज?

रिट्रॅक्ट्स मुख्यतः तीन प्रकारचे. जुना प्रकार मेकॅनिकल. त्यात सर्व्हो मोटर दांडीनं चाक ओढते. स्वस्त, पण दांडीची लांबी जराशी चुकली तर पाय नीट लॉक होत नाही.

दुसरा हवेवरचा. विमानातल्या छोट्या टाकीत पंपानं हवा भरायची; दाब साधारण १०० पीएसआय. वजनाला हलका, कामाला जोरदार. पण नळी कुठं गळली तर संपलं. काही सेटमध्ये चाक हवेनं वर जातं आणि स्प्रिंगनं खाली येतं. हवा गेली तरी पाय उघडतात. हवेवरचे घेणार असाल तर असेच घ्या.

तिसरा इलेक्ट्रिक. प्रत्येक पायाजवळ छोटी मोटर आणि आटे पाडलेला दांडा. पंप नको, नळ्या नकोत. चाक अडकलं तर वाढलेला करंट ओळखून चांगला कंट्रोलर मोटर थांबवतो. पहिल्या जेटसाठी बहुतेकांनी हेच घ्यावेत. मात्र सेट किती वजनाच्या विमानासाठी आहे ते वाचा आणि आपल्या विमानापेक्षा एक पायरी वरचा घ्या. बॅटरीसकट उडतं वजन धरायचं, रिकामं नाही.

पायांमध्येही निवड असते. सरळ तारेचा पाय डांबरावर चालून जातो. खडबडीत जागेसाठी ‘ट्रेलिंग लिंक’ बघा. त्यात चाक मागच्या बाजूला एका हलत्या दांड्यावर असतं, धक्का बसला की मागे-वर सरकतं. धक्का पंखापर्यंत कमी पोचतो.

भिंतीत खोली

मित्रासोबत मीही नळदुर्गला जाऊन आले, तेव्हा किल्ल्यातला पाणीमहाल पाहिला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, १६१३ साली बांधलेला. बोरी नदी अडवणाऱ्या बंधाऱ्याच्या भिंतीतच दालनं आहेत. भिंत पोकळ केली, तरी ती पाणी अडवतेच! रिट्रॅक्ट्स बसवताना नेमकं हेच साधायचं असतं. पंखात खोबण कोरली की पंख तिथं कमजोर होतो, आणि उतरतानाचा सगळा दणका बसतो तोही तिथंच.

म्हणून युनिट नुसत्या फोमवर किंवा प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर सोडू नका. खाली प्लायवूडची पट्टी द्या, ती पंखातल्या मुख्य दांडीपर्यंत न्या. स्क्रूची भोकं पातळ सीए गोंदानं कडक करा.

मग चाकांची जागा. मागची दोन चाकं विमानाच्या गुरुत्वमध्याच्या जरा मागे टेकली पाहिजेत. फार मागे गेली तर टेक-ऑफला नाक उचलत नाही, फार पुढे आली तर विमान शेपटीवर बसतं. दोन्ही चाकं समांतर हवीत. आणि नाकाखालचं चाक मिटताना सरळच असलं पाहिजे, नाहीतर खोबणीच्या काठावर अडकणार.

शेवटी टेस्ट. विमान स्टँडवर ठेवा आणि चाकं वीस-तीस वेळा उघडा-मिटा. बॅटरी अर्धी उतरल्यावर पुन्हा. तिन्ही पाय एकदम हलले की करंटची मागणी वाढते. रिसीव्हरला वीज कमी पडली, तर चाकांसोबत कंट्रोलही जाईल. शंका असेल तर रिट्रॅक्ट्सना वेगळा वीजपुरवठा द्या.

नियमही बघा

ड्रोन नियम २०२१ मध्ये २५ किलोपर्यंतच्या मॉडेल विमानांचा वेगळा उल्लेख आहे. विमान नजरेच्या टप्प्यातच उडवायचं. उडवण्याआधी नोंदणी आणि ‘डिजिटल स्काय’वरचा झोनचा नकाशा तपासायचा. किल्ल्यावरून उडवायचा मोह तर टाळाच. खाली माणसं असतात.

मग त्यानं काय घेतलं?

ते देखणं, एवढुशा चाकांचं जेट त्यानं सोडून दिलं. त्याऐवजी रुंद खोबणीचं ट्रेनर जेट घेतलं. इलेक्ट्रिक रिट्रॅक्ट्स, ट्रेलिंग लिंकचे पाय, मावतील तेवढी मोठी चाकं. खोबणीची झाकणं काढून टाकली, कारण गवतात पहिली तीच तुटतात. दिसायला थोडं उघडंवाघडं, पण चालतं. काकांनी माळाचा एक पट्टा दगड वेचून, पाणी मारून, रोलर फिरवून दिला. शंभर-सव्वाशे पावलांचा.

तुमच्याकडे असा पट्टा नसेल तर? हलकं फोमचं जेट हातानं फेकून उडवा आणि गवतावर पोटावर उतरवा. त्यात कमीपणा काही नाही. निदान पुढच्या रविवारी उडवायला विमान शाबूत असेल!