अमेरिकन दिसू नये म्हणून…

युरोपच्या सहलीला निघालेल्या आपल्या माणसाला घरचे दोनच सल्ले देतात. पासपोर्ट सांभाळ आणि चिवड्याचा डबा बॅगेत ठेव. अमेरिकन माणसाला मिळणारे सल्ले निराळे असतात. पांढरे बूट घालू नकोस, बेसबॉलची टोपी घेऊ नकोस, अर्ध्या विजारीत चर्चमध्ये शिरू नकोस, मोठ्याने बोलू नकोस. थोडक्यात काय, तर अमेरिकन दिसू नकोस! जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाचा नागरिक, खिशात डॉलर, आणि मनात इच्छा एकच की आपण कुठले हे कुणाला कळू नये. या हौसेचे मला फार दिवसांपासून कुतूहल आहे. आपली मंडळी साडीवर कार्डिगन आणि पायांत स्पोर्ट्स शूज घालून आयफेल टॉवरखाली एकमेकांना खुशाल हाका मारतात. आपण फ्रेंच वाटावे असे त्यांच्या स्वप्नातही येत नाही.

२०२३ च्या सप्टेंबरात माझा भाचा आणि त्याची बायको यांच्याबरोबर मी तीन आठवडे पॅरिस, व्हिएन्ना आणि व्हेनिस पाहिले, तेव्हा ही हौस अगदी जवळून पाहायला मिळाली. भाचा न्यू जर्सीत जन्मलेला, आईबाप पुण्याचे. भाचेसून ओहायोची, तिचे पणजोबा जर्मनीतून बोटीने अमेरिकेला गेलेले. तिने महिनाभर आधीपासून तयारी केली होती. गडद रंगाचा कोट, गळ्याला रुमाल, चामड्याचे बूट, आणि पाठपिशवीऐवजी खांद्याला साधी पर्स. पॅरिसच्या मेट्रोत शिरलो तर डब्यातल्या निम्म्या लोकांच्या पायांत पांढरे बूट! तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. कपड्यांचे हे सल्ले आता कालबाह्य झाले आहेत. सगळे जग एकाच दुकानातून कपडे घेते.

पण काही खुणा अशा जात नाहीत. अमेरिकन माणूस उजव्या हातातल्या सुरीने तुकडा कापतो, सुरी खाली ठेवतो, डाव्या हातातला काटा उजव्या हातात घेतो आणि मग घास तोंडात घालतो. पुढच्या घासाला पुन्हा हाच फेरा. युरोपात काटा डाव्या हातातच राहतो. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या मुलुखात उतरवायच्या अमेरिकन हेरांना ही सवय मोडायला शिकवत असत. सीआयएच्या वेषांतर विभागाच्या माजी प्रमुख जोना मेंडेझ यांनी आणखी एक खूण सांगितली आहे. अमेरिकन माणूस उभा राहताना एका पायावर भार टाकून रेलतो, युरोपियन दोन्ही पायांवर सरळ उभा राहतो. जर्मन माणूस बोटे मोजताना अंगठ्यापासून सुरुवात करतो. ‘इनग्लोरियस बास्टर्ड्स’ या २००९ च्या चित्रपटात जर्मन गणवेशातला ब्रिटिश अधिकारी तीन पेले मागवताना अंगठा सोडून तीन बोटे दाखवतो आणि पकडला जातो. आपण पेरांवर मोजणारी माणसे, आपल्याला कोण आणि कसे पकडणार, देव जाणे! मजल्यांच्या बाबतीत मात्र आपण युरोपियन आहोत. आपल्यासारखाच तिथेही आधी तळमजला आणि मग पहिला मजला. अमेरिकेत जमिनीलगतचा मजलाच पहिला. पॅरिसच्या हॉटेलात पहिल्या मजल्यावरची खोली भाचेसून स्वागतकक्षाच्या मागच्या बोळात शोधत होती.

या लपण्याला इतिहास आहे. मार्क ट्वेन १८६७ साली अमेरिकन यात्रेकरूंच्या एका जथ्याबरोबर बोटीने युरोपला आणि पुढे पॅलेस्टाइनला गेला. त्यावर त्याने लिहिलेल्या ‘द इनोसंट्स अब्रॉड’ (१८६९) या पुस्तकात आपल्याच देशबांधवांची यथेच्छ टिंगल आहे. म्हणजे परदेशातल्या अमेरिकन माणसाला हसण्याचे काम पहिल्यांदा अमेरिकन माणसानेच अंगावर घेतले. १९४२ मध्ये अमेरिकन फौजा ब्रिटनमध्ये उतरू लागल्या, तेव्हा त्यांच्या युद्धखात्याने शिपायांसाठी एक छोटी पुस्तिका काढली. बढाया मारू नका, तुमचा पगार ब्रिटिश सैनिकापेक्षा जास्त आहे तेव्हा पैशाचे प्रदर्शन नको, राजावर टीका नको. आगगाडीत शेजारचा माणूस बोलला नाही तर तो शिष्ट आहे असे समजू नका. लहानशा, गजबजलेल्या बेटावर राहणारा माणूस आपले एकटेपण जपतो. सरकारी खात्याने लिहिलेला इतका शहाणा मजकूर मी फारसा वाचलेला नाही. यात टोपी-बुटांचा विषयच नाही, कारण शिपाई गणवेशातच होता. लपण्याची सोयच नव्हती, म्हणून वागण्याविषयी बोलावे लागले.

मला स्वतःला वाटते ती मोठी खूण आवाजाची. अमेरिकन माणूस उगाच ओरडतो असे नाही. त्याचे घर ऐसपैस, गाडी मोठी, हॉटेलातली टेबले एकमेकांपासून लांब. पॅरिसच्या लहान खाणावळीत दोन टेबलांमध्ये वीतभर जागा असते, आणि त्या वीतभर जागेत भिंत असल्यासारखे सगळे हळू बोलतात. ही भिंत अमेरिकन माणसाला दिसत नाही. (आपल्यालाही दिसत नाही, पण आपला विषय आज निराळा आहे.)

दुसरी गोष्ट नमस्काराची. फ्रान्समध्ये दुकानात, बेकरीत, अगदी बसमध्ये चढतानाही आधी ‘बाँजूर’ म्हणायचे आणि मग काय हवे ते सांगायचे. दुकान ही दुकानदाराची जागा आहे, तिथे शिरणाऱ्याने आधी त्याची दखल घ्यावी, अशी त्यामागची समजूत. आपल्याकडे ओळखीच्या वाण्याच्या दुकानात ‘काय शेठ’ म्हटल्याशिवाय आपण साखर मागत नाही, तसेच काहीसे. अमेरिकन माणूस गोड हसून थेट प्रश्न विचारतो. तो उद्धट नसतो, पण फ्रेंच कानाला तो उद्धट वाटतो. मग दुकानदार तुटक बोलतो, आणि फ्रेंच लोक तुसडे असतात ही बातमी ओहायोला पोहोचते.

वेटरांचेही तसेच. अमेरिकेत टिप मिळणाऱ्या नोकराला मालकाने द्यायचे किमान वेतन संघराज्याच्या कायद्याने १९९१ पासून ताशी २ डॉलर १३ सेंट एवढेच ठेवले आहे. बऱ्याच राज्यांनी ते वाढवले, काहींनी नाही. बाकीची कमाई गिऱ्हाइकाच्या खुशीवर. त्यामुळे तिथला वेटर दर पाच मिनिटांनी हसत येतो, सगळे ठीक आहे ना विचारतो आणि ताट रिकामे होताच बिल आणतो, कारण टेबल मोकळे झाले तर पुढचे गिऱ्हाईक बसेल. फ्रान्समध्ये सेवेचा आकार कायद्यानेच पदार्थाच्या किमतीत धरलेला असतो. वेटर पगारी माणूस. हसण्याचे पैसे त्याला मिळत नाहीत, म्हणून तो हसला तर ते हसू खरे!

व्हिएन्नाच्या कॉफीहाउसमध्ये भाचेसुनेची पुरती पंचाईत झाली. २०११ मध्ये ऑस्ट्रियाने आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत ज्यांची नोंद केली, ती ही कॉफीहाउसे. काळ्या कोटातला वेटर चांदीच्या रंगाच्या तबकात कॉफी आणि शेजारी पाण्याचा पेला ठेवून गेला. ती मनापासून हसली. त्याच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. नंतर तासभर तो फिरकलाच नाही. ‘माउशी, आपले काही चुकले का?’ तिने कुजबुजत विचारले. काहीच चुकले नव्हते. एका कॉफीवर दुपारभर बसावे, लाकडी दांड्यात अडकवलेली वर्तमानपत्रे वाचावीत, आणि मागितल्याशिवाय बिल समोर येऊ नये, हेच तिथले आतिथ्य. न मागता बिल आणणे म्हणजे ‘उठा आता’ म्हणणे.

खरे तर त्या शहरात ती सहज खपून जात होती. सोनेरी केस, उंच बांधा, गडद कोट. दोनदा तिला वाटेवरच्या बायकांनी जर्मनमध्ये पत्ता विचारला, तेव्हा तिला काय आनंद झाला! तोंड उघडेपर्यंत ती व्हिएन्नाचीच होती. भाच्याकडे मात्र कुणी पत्ता विचारायला आले नाही. त्याचे शाळेत शिकलेले फ्रेंच चांगले आहे, पॅरिसमध्ये सगळे बोलणे तोच करायचा. पण टॅक्सीवाला असो की हॉटेलवाला, पहिला प्रश्न ठरलेला. कुठले तुम्ही? न्यू जर्सी. हो, पण मूळचे कुठले? हा ‘मूळचे’ त्याच्या बायकोला एकदाही विचारला गेला नाही. खरे तर मूळची युरोपातली तीच.

अमेरिकन तरुणांत एक जुनी युक्ती आहे. आपल्या सरकारचा कुठल्या युद्धापायी जगात दुर्लौकिक झाला की पाठपिशवीवर कॅनडाचा झेंडा शिवायचा. व्हिएतनामच्या काळात हे चाले, २००३ च्या इराक युद्धानंतरही चालले. भाचेसुनेने झेंडा शिवला नव्हता. पण व्हिएन्नात शेवटच्या रात्री जेवताना शेजारच्या टेबलावरच्या वृद्ध जोडप्याने विचारले, तेव्हा ती हसत म्हणाली, ‘कॅनडा.’ ते जोडपे खूश झाले, टोरांटोच्या थंडीवर बोलणे झाले. भाचा गप्प होता.

हॉटेलवर परतताना तो बोलला, आणि इंग्रजीत चिडून बोलला. त्याचा अर्थ असा, की तुला तो देश नको असेल तेव्हा खुंटीला टांगता येतो, हवा तेव्हा अंगात घालता येतो. मला तो दर ठिकाणी नव्याने मिळवावा लागतो, न्यू जर्सीतसुद्धा. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, ‘मावशी, मी तीन देशांचे झेंडे शिवले तरी लोक इंडियाच म्हणणार.’ मी काय बोलणार? त्याला अमेरिकन म्हणून ओळखले जायला हवे होते, आणि तिचे सगळे श्रम ती ओळख पुसण्यात चालले होते. लग्नाला सहा वर्षे झालेल्या त्या दोघांमध्ये हा विषय पहिल्यांदाच निघाला असावा असे तिच्या चेहऱ्यावरून वाटले. दुसऱ्या दिवशी आगगाडीत समोरच्या बाईंनी कुठून आलात विचारले, तेव्हा तिने ‘ओहायो’ म्हटले, आणि थोडे थांबून ‘आम्ही दोघेही अमेरिकन’ असे जोडले.

मला जेम्स बाल्डविनची आठवण झाली. हा कृष्णवर्णीय अमेरिकन लेखक १९४८ च्या नोव्हेंबरात चोविसाव्या वर्षी, खिशात चाळीस डॉलर घेऊन पॅरिसला पळाला, तो अमेरिकेतल्या वर्णद्वेषाला कंटाळून. तिथे गेल्यावर त्याला कळले की आपण कुठल्याही टेक्ससच्या गोऱ्या शिपायाइतकेच अमेरिकन आहोत. पुढे स्वित्झर्लंडमधल्या लॉयकरबाद या डोंगरी गावात तो राहिला. तिथल्या लोकांनी त्याआधी काळा माणूस पाहिला नव्हता. त्या मुक्कामावरचा त्याचा निबंध १९५३ साली प्रसिद्ध झाला. मिसळून जाण्याच्या सगळ्या युक्त्या ज्याच्या बाबतीत फोल आहेत अशा माणसाने परकेपणाविषयी जे लिहिले, ते टोपी-बुटांच्या सल्ल्यांपेक्षा कितीतरी पुढचे आहे.

आणि मिसळायचे तरी कुणात? ‘रोमन हॉलिडे’ (१९५३) मध्ये ऑड्री हेपबर्न रोमच्या स्पॅनिश स्टेप्सवर आइस्क्रीम खाते आणि अमेरिकन वार्ताहर झालेला ग्रेगरी पेक तिला ‘योगायोगाने’ भेटतो. ते पाहून किती अमेरिकन त्या पायऱ्यांवर जाऊन बसले असतील! २०१९ पासून तिथे बसायला बंदी आहे, बसाल तर दंड. बार्सिलोनात २०२४ च्या जुलैमध्ये निदर्शकांनी हॉटेलांबाहेर बसलेल्या पर्यटकांवर खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवले. त्यांचा राग कुणाच्या टोपीवर नव्हता, घरांच्या भाड्यावर होता. गावकऱ्यासारखे राहायचे म्हणून पर्यटक हॉटेल सोडून राहत्या वस्तीतली सदनिका भाड्याने घेतो, आणि तिथला गावकरी त्यामुळेच बाहेर फेकला जातो. म्हणून पर्यटकांच्या सदनिकांचे परवाने २०२८ पर्यंत संपवण्याचे त्या शहराने जाहीर केले आहे. व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५१ साली सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ मध्ये हा आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. २०२४ च्या एप्रिलपासून तिथे गर्दीच्या ठरावीक दिवशी दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून पाच युरो प्रवेशशुल्क घेऊ लागले.

व्हेनिसमध्ये आम्ही उतरलो होतो तिथे जवळच फळांचे एक लहानसे दुकान होते. भाचेसून रोज सकाळी तिथे जाऊन, आधी ‘बुओन जोर्नो’ म्हणून, हात न लावता, बोट दाखवून पीच घ्यायची. फळांना गिऱ्हाइकाने हात लावायचा नाही हे तिने पहिल्याच दिवशी ध्यानात घेतले होते. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघे तिच्याबरोबर गेलो. गल्ल्यावरचा माणूस बांगलादेशचा निघाला. वीस वर्षे इटलीत होता, राहायला पुलापलीकडे मेस्त्रेत, कारण व्हेनिसमधले भाडे त्याला परवडत नव्हते. माझ्याशी तो हिंदीत बोलला, भाच्याशी इटालियनमध्ये बोलू पाहत होता, आणि भाचेसुनेला त्याने ‘सिन्योरा’ म्हणत वरचे दोन पीच बाजूला सारून खालचे पिकलेले काढून दिले. मग मला म्हणाला, ‘दीदी, इनको बोलना, नौ बजे से पहले आया करें. बाद में टूरिस्ट लोग आते हैं, सब दबा-दबा के ख़राब कर देते हैं.’