औषधिद्रव्यांची खरेदी आणि वनस्पतींचे पुनरुज्जीवन

आयुर्वेदीय औषधनिर्मितीचा व्यवसाय वनस्पतींवर उभा आहे, हे आपणांस नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. तथापि ती वनस्पती कोणत्या रानातून, कोणत्या ऋतूत व कशा रीतीने काढली गेली, याची चौकशी आपल्या व्यवसायात क्वचितच होते. नमुना, ओलावा आणि दर पाहून खरेदी पूर्ण होते. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ आणि भारतीय वानिकी संशोधन व शिक्षण परिषद यांच्या २०१७ च्या अहवालात २०१४-१५ या वर्षातील वनौषधींची एकूण मागणी सुमारे ५ लाख १२ हजार मेट्रिक टन अंदाजिली आहे. व्यापारातील १,१७८ जातींपैकी २४२ जातींचा व्यवहार वर्षाला प्रत्येकी १०० टनांहून अधिक होता आणि त्यांतील १७३ जाती प्रामुख्याने रानातून येत होत्या. ज्या भांडवलावर आपला व्यवसाय चालतो, त्याचा मोठा भाग कोणी पुन्हा लावीतच नाही, असा याचा अर्थ होतो.

शाश्वत आणि पुनरुज्जीवक

या संदर्भात दोन शब्द हल्ली वारंवार वाचनात येतात. जेवढे पुन्हा उगवते तेवढेच घेणे, हा शाश्वत व्यवहार होय. जे आधीच क्षीण झाले आहे ते आपल्या व्यवसायाच्या योगे पुन्हा वाढीस लावणे, हा पुनरुज्जीवक व्यवहार होय. वैद्यास हा भेद समजण्यास कठीण नाही. निरोग्याचे आरोग्य राखणे आणि रुग्णाचा व्याधी दूर करणे, अशी आयुर्वेदाची दोन प्रयोजने आहेत. आपली पुष्कळशी राने आज दुसऱ्या वर्गात मोडतात. त्यांना केवळ पथ्य पुरेसे नाही, चिकित्साही हवी.

प्रयोज्य अंगानुसार विचार

सर्व द्रव्यांना सारखाच धोका नसतो. फळ, पान वा फूल घेतल्याने झाड मरत नाही. मूळ, कंद, साल किंवा पंचांग घेताना मात्र वनस्पतीच्या जीविताचाच प्रश्न येतो. साल खोडाभोवती सर्व बाजूंनी सोलली गेली, तर पानांत तयार झालेला अन्नरस मुळांपर्यंत पोहोचत नाही आणि वृक्ष वाळतो. तीच साल छाटलेल्या फांद्यांवरून किंवा एका बाजूने उभ्या अरुंद पट्ट्यांत घेतली, तर जखम भरून येण्यास वाव राहतो. सीतेचा अशोक रानात विरळ झाल्यामुळे त्याच्या सालीत खोट्या अशोकाच्या सालीची भेसळ होते, हे आपण जाणताच. वनस्पतीचा ऱ्हास आणि औषधाचा हीनगुण, ही एकाच व्याधीची दोन लक्षणे आहेत.

दशमुळांचे उदाहरण याहून बोलके आहे. लघुपंचमुळातील सालवण, पिठवण, डोरली, रिंगणी व गोखरू ही लहान वनस्पती असून शेतात घेता येतात. बृहत्पंचमुळातील बेल, ऐरण, टेटू, शिवण व पाडळ यांची मुळे घ्यावयाची, तर झाडावरच घाला पडतो. त्यामुळे बाजारात मुळांच्या नावाखाली पुष्कळदा खोडाची साल येते. मुळांऐवजी लहान फांद्या चालतील काय, यासाठी दोन्हींची रासायनिक तुलना करणारे अभ्यास देशात झाले आहेत. प्रतिनिधिद्रव्याची कल्पना आपणांस परकी नाही. अष्टवर्गातील दुर्लभ द्रव्यांऐवजी शतावरी, विदारीकंद, अश्वगंधा व वाराहीकंद घेण्यास भावप्रकाशाची संमती आहे. परंतु असा बदल शास्त्रीय पडताळणीने, उघडपणे व नियमांच्या चौकटीत व्हावा. ग्रंथोक्त योगात उत्पादकाने आपल्या मर्जीने अंग बदलणे योग्य नाही.

संहितांनी द्रव्यसंग्रहाचे ऋतूही सांगितले आहेत. चरकाच्या कल्पस्थानानुसार मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, तर साल, कंद व क्षीर शरदात घ्यावे. हा विचार वीर्याचा आहे. पण त्याने संग्रह वर्षातील ठरावीक काळापुरता मर्यादित राहतो आणि उरलेल्या काळात वनस्पतीस उसंत मिळते. मागणी आली की केव्हाही माल उचलावयाचा, या रीतीत दोन्ही गोष्टी हातच्या जातात.

सह्याद्रीतील एक प्रयोग

खरेदीची रीत बदलल्याने काय साधते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने उत्तर सह्याद्रीत हिरडा व बेहडा यांच्या फळांसाठी फेअरवाइल्ड हे आंतरराष्ट्रीय प्रमाणन आणले. या मानकात रानातील संग्रहाची मर्यादा आणि संग्राहकास मिळणारा रास्त मोबदला, या दोहोंचा विचार असतो. बेहड्याच्या फळास फारसे मोल नव्हते, तेव्हा त्याचे जुने वृक्ष लाकडासाठी तोडले जात. फळाला चांगला दर मिळू लागला, की झाड उभे ठेवण्यात ग्रामस्थांचा लाभ असतो. याच जुन्या वृक्षांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो, म्हणून वृक्षाबरोबर त्याचाही आसरा टिकतो. येथे वृक्ष राखण्याचे काम औषधाच्या खरेदीदाराने दिलेल्या दराने केले आहे.

फार्मसीधारकांनी काय करावे

प्रथम आपल्या कच्च्या मालाची प्रयोज्य अंगानुसार यादी करावी व मूळ, साल आणि पंचांग यांवर खूण करावी. अशा प्रत्येक द्रव्याच्या पोत्याबरोबर गाव, महिना व संग्रहाची रीत यांची नोंद मागावी. जैविक विविधता कायद्यातील २०२३ च्या सुधारणेने लागवडीखालील औषधी वनस्पतींना काही सवलती दिल्या आहेत. त्यांसाठी उगमाचे प्रमाणपत्र लागते, म्हणून ही नोंद त्या दृष्टीनेही उपयोगी पडेल.

दुसरे, शक्य तेथे ग्रामसभेकडून थेट माल घ्यावा. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर तिचा हक्क मान्य केला आहे. ज्यांना ते रान पुढील वर्षीही हवे आहे, त्यांच्याकडून घेतलेला माल अधिक जबाबदारीने काढलेला असण्याचा संभव असतो. तिसरे, शतावरी, अश्वगंधा यांसारख्या द्रव्यांसाठी शेतकऱ्याशी खरेदीचा लेखी करार करावा. शिवण, टेटू यांची रोपे बांधावर लावण्यास आजच साहाय्य करावे, कारण त्यांचे फळ आपल्या पुढील पिढीच्या हाती येणार आहे. चौथे, काढा गाळून उरलेला चोथा टाकून न देता त्याचे खत करून त्याच शेतास परत द्यावे.

यात खर्च वाढतो, हे खरे आहे. लहान फार्मसीस एकटीने तो भार पेलणे अवघड जाईल. म्हणून एका जिल्ह्यातील पाच-सहा फार्मसींनी मिळून एकेका द्रव्याची सामायिक खरेदी करावी, असे आम्ही सुचवितो. वैद्यबंधूंनीही, गुण समान असेल तेथे फळ वा पानांच्या योगास प्राधान्य द्यावे आणि औषध मागविताना त्यातील मुळे कोठून आली, हे अवश्य विचारावे. ग्राहक विचारू लागला की उत्पादक नोंद ठेवू लागतो, आणि नोंद ठेवणारा उत्पादक पुढे व्यापाऱ्यालाही तोच प्रश्न करतो.

सर्व द्रव्यांचा भार एकाच वर्षी उचलण्याचे कारण नाही. येत्या शरदात सालीच्या एका द्रव्यापासून आरंभ केला तरी पुरे. आपल्या दशमूलारिष्टात दशमुळे आणि अशोकारिष्टात अशोक राहावा, अशी आपली इच्छा असेल, तर त्या वृक्षांची काळजी आपल्या खरेदीच्या वहीतच सुरू झाली पाहिजे.