कोंबडीचा तुरा आणि माणसाची जात

खोताच्या वाडीजवळच्या आमच्या चाळीतील एका मुलीला अकरावीच्या वर्गात कुणीतरी सुनावले, "सायन्स हे तुम्हा लोकांचे काम नाही, बुद्धी रक्तातच असावी लागते." पोर घरी येऊन रडली. 'खाण तशी माती' ही म्हण आपल्या मुलांच्या तोंडावर अशी वरचेवर फेकली जाते. तेव्हा आनुवंशिकतेचे शास्त्र खरोखर काय सांगते, हे आपण समजून घेतले पाहिजे. त्यासाठी कोंबड्या पाळणाऱ्या एका शास्त्रज्ञाची ओळख करून घेऊ.

विल्यम बेटसन यांचा जन्म १८६१ साली इंग्लंडमध्ये झाला. केंब्रिज विद्यापीठात ते संशोधन करीत. मेंडेल यांचे वाटाण्याच्या झाडांवरील प्रयोग १९०० साली पुन्हा उजेडात आले. हे नियम प्राण्यांनाही लागू पडतात काय, असा प्रश्न तेव्हा उभा राहिला. बेटसन यांनी कोंबड्यांच्या निरनिराळ्या जातींचा संकर केला आणि १९०२ साली, तुऱ्यासारख्या गुणांवरून, ते लागू पडतात हे दाखवून दिले. या कामात त्यांच्या पत्नी बीट्रिस यांची मोठी साथ होती. पुढे रेजिनाल्ड पनेट हे सहकारी मिळाले. आनुवंशिकीला 'जेनेटिक्स' हे नावही बेटसन यांनीच १९०५ साली सुचविले. १९१० पासून १९२६ साली मृत्यू येईपर्यंत ते जॉन इनस संस्थेचे संचालक होते.

त्यांचा तुऱ्याचा प्रयोग साधा आहे. एका कोंबडीचा तुरा गुलाबासारखा, दुसरीचा वाटाण्यासारखा. या दोन शुद्ध जातींचा संकर केला, तर सर्व पिल्लांचा तुरा अक्रोडासारखा निघतो! त्या पिल्लांचा आपसांत संकर केला, की सरासरीने दर १६ पिल्लांत ९ अक्रोडासारखी, ३ गुलाबासारखी, ३ वाटाण्यासारखी आणि १ साध्या एकेरी तुऱ्याचे, असे प्रमाण पडते. हा एकेरी तुरा ना आईबापांत दिसतो, ना आजीआजोबांत. म्हणजे साध्या तुऱ्याच्या बाबतीतही 'खाण तशी माती' खरी ठरत नाही.

अंडी देण्याचा गुण तर याहून गुंतागुंतीचा. त्यामागे अनेक जनुके असतात. गावठी कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते, तर निवडीने तयार केलेली कोंबडी ३०० च्या आसपास. पण त्याच उत्तम कोंबडीला पुरेसे खाद्य, उजेड आणि लस मिळाली नाही, तर तिचीही अंडी घटतात. पक्ष्याची ही गत, तर पिढ्यान् पिढ्या शाळेचे दार बंद ठेवलेल्या माणसांच्या बुद्धीचे माप कुणी आणि कशावर काढावे?

परमपूज्य बाबासाहेबांनी हे फार पूर्वी ओळखले होते. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी लिहिलेले, पण होऊ न शकलेले भाषण त्यांनी १९३६ साली स्वतः छापून प्रसिद्ध केले. तेच 'जातिभेद निर्मूलन'. जातीमुळे रक्त शुद्ध राहते, या दाव्याचा समाचार घेताना त्यांनी याच बेटसन यांचा आधार दिला आहे. उच्च बौद्धिक गुण कोणत्याही एकाच ठराविक मार्गाने वारशात उतरत नाहीत, ते अनेक घटकांच्या योगायोगाने येत असावेत, असा त्या उताऱ्याचा आशय आहे.

आणि तथागतांनी तर त्याहीपूर्वी सांगून ठेवले. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात, ब्राह्मण जन्माने की आचरणाने, असा वाद घेऊन दोन तरुण त्यांच्याकडे येतात. गवत, कीटक, पक्षी यांच्यात जन्मजात वेगळी लक्षणे असतात, माणसांत तशी नसतात. माणूस कर्माने ओळखावा, असे भगवंत त्यांना समजावतात.

आईबापांनो, मुलांना पौष्टिक खाऊ घाला, दिव्याखाली अभ्यासाला बसवा आणि 'आपल्याला जमणार नाही' हा शब्द घरात उच्चारू नका. आमच्या चाळीतील त्या मुलीने सायन्स सोडलेले नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!