दगडाच्या पोटातील भूमिती

मिहानमधील नव्या उद्योगांमुळे नागपूरचे नाव आज पुष्कळांच्या तोंडी असले, तरी या जिल्ह्याची जुनी ख्याती मँगनीजच्या खाणींची. त्यांपैकी बेलडोंगरीच्या खाणीतील एका चमत्कारिक खनिजाचे वर्णन भूगर्भशास्त्रज्ञ फर्मोर यांनी १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले. लोहचुंबकाकडे जोराने ओढल्या जाणाऱ्या या खनिजास त्यांनी आपले सहकारी व्रेडेनबर्ग यांचे नाव दिले. पुढे सूक्ष्मदर्शकाने निराळीच हकीकत सांगितली. ते एक खनिज नव्हतेच. जेकबसाइट व हाउसमनाइट अशा दोन खनिजांचे पापुद्रे त्यात गुंफलेले होते.

ही दोन्ही खनिजे स्पिनेल या एकाच घराण्यातली. तप्त स्थितीत एकरूप असलेला पिंड निवताना मग दुभंगला का? जेकबसाइटचा स्फटिक घनाकृती असतो. हाउसमनाइटचा मात्र एका दिशेने सुमारे १६ टक्के ताणलेला. या ताणाचे कारण इलेक्ट्रॉनांच्या वस्तीत आहे.

श्रोत्यांनी अशी कल्पना करावी, की धातूचा एक अणू मध्यभागी असून चार बाजूंस चार व वर-खाली दोन, असे प्राणवायूचे सहा अणू त्याच्याभोवती आहेत. धातूच्या बाह्य इलेक्ट्रॉनांना राहण्यास पाच घरे असतात. त्यांस कक्षक म्हणतात. तीन घरे प्राणवायूच्या अणूंना चुकवून वसलेली, तर दोन थेट त्यांच्या समोर. समान विद्युद्भार एकमेकांस दूर लोटतात. म्हणून ही दोन घरे गैरसोयीची.

जेकबसाइटमधील लोहाजवळ असे पाच इलेक्ट्रॉन असतात. प्रत्येक घरी एक, अशी समतोल वाटणी होते व आकृती बिघडत नाही. हाउसमनाइटमध्ये त्या जागी असलेल्या मँगनीजजवळ चारच. तीन सोयीच्या घरी जातात. चौथा वर-खाली पसरलेल्या घरात शिरून त्या दिशेचे प्राणवायूचे दोन अणू दूर सारतो. अशी असमतोल वाटणी असता पूर्ण सममिती टिकत नाही, हा सिद्धांत यान व टेलर यांनी १९३७ साली मांडला. हाउसमनाइट सुमारे ११७० अंश सेल्सियसपर्यंत तापविल्यास उष्णतेच्या हेलकाव्यांत ही शिस्त मोडते व स्फटिक पुन्हा घनाकृती होतो.

चुंबकत्वाचा उगम मुख्यतः इलेक्ट्रॉनाच्या फिरकीत, म्हणजे स्पिनमध्ये आहे. या फिरकीस स्फटिकाची दिशा थेट कळत नाही. ती कळते कक्षेतील गतीच्या द्वारे. जेकबसाइटमध्ये पाचही घरे सारखी भरल्याने कक्षीय गती परस्परांस छेदतात आणि फिरकी कोणत्याही दिशेस सहज वळते. हाउसमनाइटमध्ये विषम मेघामुळे ती स्फटिकाच्या अक्षांशी जखडली जाते. शिवाय तेथील फिरक्या उणे २३१ अंशांखालीच शिस्तीत उभ्या राहतात. म्हणून नेहमीच्या तापमानास बेलडोंगरीचा दगड लोहचुंबकास चिकटतो, तो त्यातील जेकबसाइटच्या बळावर.

ही केवळ पंडितांची करमणूक नव्हे. लिथियमच्या काही विद्युत्घटांत मँगनीजचे स्पिनेल वापरतात. घट फार रिकामा झाला, की तेथील मँगनीजजवळही चार इलेक्ट्रॉन होतात, जाळी ताणली जाते, कण तडकतात व घटाचे आयुष्य घटते. एका इलेक्ट्रॉनाने कोणते घर निवडले, यावर एवढे अवलंबून आहे.