राष्ट्रानें शस्त्र केव्हां उचलावें?

महाभारताचें उद्योगपर्व ज्यांनीं लक्षपूर्वक वाचलें आहे, त्यांस युद्ध टाळण्याकरितां त्यांत किती खटपट झालेली आहे हें निराळें सांगावयास नको. अर्ध्या राज्याचा हक्क असतां युधिष्ठिर अविस्थल, वृकस्थल, माकंदी, वारणावत आणि कोणतेंही एक पांचवें, एवढ्या गांवांवर समाधान मानावयास तयार होतो. शिष्टाईस आलेला श्रीकृष्ण तर विदुरापाशीं स्पष्टच बोलून दाखवितो कीं, यशाची आशा नसली तरी, सामर्थ्य असून कलह थांबविण्याचा यत्न केला नाहीं असा बोल लागूं नये म्हणून आपण आलों आहों. पुष्कळ घरांत हें पर्व भराभर उरकून वाचक कुरुक्षेत्रावर जाऊन पोहोंचतात. आम्हांस तें बरें वाटत नाहीं. युद्धाचा न्यायान्याय बहुतांशीं येथेंच ठरतो.

पाश्चात्त्य धर्मशास्त्रकारांनींही या प्रश्नाचा खल केला आहे. तेराव्या शतकांतील थॉमस अक्वायनस यानें तीन अटी घातल्या : युद्ध पुकारणारा अधिकारी असावा, कारण न्याय्य असावें आणि हेतु शुद्ध असावा. परंतु राष्ट्राचें खरें कारण एक आणि त्यानें जगापुढें मांडलेलें कारण दुसरें, असें झालें म्हणजे निवाडा कसा करावा? याचें उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. १९७१ सालीं आपल्याच देशानें केलेलें युद्ध पाहावें.

१९७० च्या डिसेंबरांत पाकिस्तानांत निवडणुका झाल्या, त्यांत अवामी लीगनें पूर्व भागांतील १६२ जागांपैकीं १६० जिंकून राष्ट्रीय सभेंत स्पष्ट बहुमत मिळविलें. तिच्या हातीं सत्ता देण्याऐवजीं लष्करी राजवटीनें २५ मार्च १९७१ च्या रात्रीं ढाक्यांत तोफा चालविल्या. विद्यापीठांतील विद्यार्थी व प्राध्यापक मारले गेले. पुढें खेड्यापाड्यांतून, विशेषतः हिंदु वस्त्यांतून, कत्तली झाल्या. स्त्रियांवर अनन्वित अत्याचार झाले. वर्षअखेरपर्यंत सुमारें १ कोटि माणसें सीमा ओलांडून भारतांत आलीं. त्रिपुरेची स्वतःची लोकसंख्या त्या वेळीं सुमारें १५ लाख, आणि जवळ जवळ तितकेच निर्वासित त्या चिमुकल्या राज्यांत शिरले. घरांत जितकीं माणसें तितकेच आश्रित एका वर्षांत दाराशीं येऊन उभे राहिले, तर चुलीची काय अवस्था होईल, याची कल्पना एकत्र कुटुंबांतल्या गृहिणीस इतरांपेक्षां अधिक येईल!

ऑक्टोबर-नोव्हेंबरांत इंदिरा गांधींनीं युरोप-अमेरिकेंतील राजधान्या पालथ्या घातल्या. सहानुभूति मिळाली, निर्वासितांकरितां कांहीं द्रव्यही मिळालें. परंतु याह्याखानाचा हात धरण्यास वॉशिंग्टन तयार नव्हतें. ही शिष्टाई मनापासूनची होती, कीं केवळ लोकापवाद टाळण्यापुरती? आमच्या मतें दोन्ही. आणि श्रीकृष्णाची तरी निराळी कोठें होती?

३ डिसेंबरास पाकिस्तानी विमानांनीं भारतीय विमानतळांवर बाँब टाकले, तेव्हां स्वसंरक्षणाचें कारण आयतेंच हातीं आलें. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेंतील ५१ वें कलम तो हक्क देतेंच. तथापि खरें तें सांगितलें पाहिजे. मुक्तिवाहिनीस भारत कित्येक महिने शस्त्रें व शिक्षण देत होता, आणि नोव्हेंबर संपण्यापूर्वींच भारतीय तुकड्या सीमेपलीकडे लढत होत्या. ७ डिसेंबरास आमसभेनें युद्धबंदीचा ठराव १०४ विरुद्ध ११ मतांनीं संमत केला. त्या १०४ राष्ट्रांस नुसता दोष देऊन भागत नाहीं. शेजाऱ्याच्या घरांत अन्याय होत आहे या सबबीवर आंत शिरण्याची मुभा एकदां दिली, कीं उद्यां प्रत्येक बलाढ्य राष्ट्र तीच सबब पुढें करील, हें दुबळ्या राष्ट्रांचें भय अनाठायीं नव्हे.

तरीही हें युद्ध न्याय्य होतें असें आम्ही म्हणतों, आणि तें विमानतळांमुळें नव्हे. अमृतसर-पठाणकोटच्या धांवपट्ट्यांवर बाँब पडले म्हणून ढाका घेणें प्राप्त होत नव्हतें. त्यास प्रत्युत्तर पुरे होतें. ढाक्यापर्यंत जाण्याचा अधिकार कोणी दिला असेल, तर तो त्या भूमींत आठ महिने मारल्या जाणाऱ्या निरपराध माणसांनीं. आणि हेतूची परीक्षा विजयानंतर होते. कौटिल्यानें विजयी राजांचे धर्मविजयी, लोभविजयी व असुरविजयी असे तीन प्रकार सांगितले आहेत. भूमि व द्रव्य हवें तो लोभविजयी. १६ डिसेंबरास ढाक्यांत शरणागति झाली, सुमारें ९३,००० माणसें बंदिवान झालीं. दुसऱ्या दिवशीं पश्चिम आघाडीवरही भारतानें आपण होऊन लढाई थांबविली, आणि १९७२ च्या मार्चांत भारतीय सैन्य बांगलादेशांतून परत आलें. भूमीचा लोभ असता, तर तीन महिन्यांत कोणी निघत नाहीं.

एक गोष्ट मात्र सलते. बंदिवानांपैकीं १९५ जणांवर युद्धगुन्ह्यांचे खटले भरण्याचें बांगलादेशानें योजिलें होतें. १९७४ च्या फेब्रुवारींत पाकिस्ताननें त्या देशास मान्यता दिली, एप्रिलांत दिल्लीस तीन राष्ट्रांचा करार झाला, आणि ते १९५ जण खटल्यावांचून स्वदेशीं परत गेले.