कागदाचे गाव आणि घोडागाडी

जाड कागद, कात्री, पट्टी आणि खळ एवढ्या साहित्यात एक संपूर्ण गाव उभे करता येते. महाराष्ट्रातील मुलांना दिवाळीतील मातीचे किल्ले आणि गणेशोत्सवातील देखावे परिचित असतात. कागदाचे गाव हे त्याच कुळातील काम असले, तरी ते अधिक काटेकोर असते. मातीच्या किल्ल्यावर बुरुजाएवढा मावळा उभा राहिला तरी कोणी हरकत घेत नाही. कागदी गावात मात्र घराच्या दारातून माणूस आत जाऊ शकला पाहिजे आणि गल्लीतून गाडी वळली पाहिजे. ही एक अट पाळली की खेळण्याचे रूपांतर अभ्यासात होते.

पेटीत मांडलेल्या अशा खोलगट देखाव्याला डायोरामा म्हणतात. हे नाव लुई दाग्येर याने रूढ केले. १८२२ साली पॅरिसमध्ये त्याने प्रचंड आकाराची, अंशतः पारदर्शक चित्रे दाखवणारे एक प्रेक्षागृह उघडले. चित्रावर पुढून व मागून पडणारा प्रकाश बदलला की पाहणाऱ्यांना दिवस मावळल्याचा भास होई. हाच दाग्येर पुढे १८३९ मध्ये छायाचित्रणाचा एक जनक म्हणून जगाला माहीत झाला. कालांतराने संग्रहालयांनी डायोरामा हा शब्द उचलला आणि पुढे खऱ्या वस्तू, मागे रंगवलेला पडदा अशा मांडणीला तो लावला.

नमुन्यासाठी येथे दिल्लीच्या परिसरातील एक गाव घेतले आहे. त्याला कारण आहे. स्वातंत्र्यानंतर दिल्ली वाढत गेली, तशी भोवतालच्या गावांची शेते सरकारने संपादन केली. वस्ती तेवढी जागच्या जागी राहिली. महसुली नकाशावर गावठाणाभोवती ओढलेल्या तांबड्या रेषेवरून अशा वस्तीला 'लाल डोरा' म्हणतात. मुनीरका, शाहपूर जाट, हौज खास ही गावे आज महानगराच्या मध्यभागी आहेत. मातीच्या घरांच्या जागी अनेक मजली इमारती आल्या, परंतु गल्ल्यांच्या वाकणांत जुने गाव अजून ओळखता येते. घोडागाडीचेही असेच झाले. एके काळी दिल्लीच्या रस्त्यांवर सर्वत्र दिसणारे टांगे कमी होत गेले आणि २०१० मध्ये जुन्या शहरातील उरलेल्या टांग्यांचे परवाने महानगरपालिकेने मागे घेतले. ज्यांनी रोज टांग्यातून प्रवास केला, ती माणसे आता वृद्ध झाली आहेत. जे त्यांना विचारले जाणार नाही, ते प्रतिकृतीतही उतरणार नाही.

प्रथम काळ निश्चित करावा. समजा, देखावा १९५० च्या सुमाराच्या गावाचा आहे. मग गल्लीत विजेचा खांब नको, शेतात ट्रॅक्टर नको आणि गाडीला रबरी धावही नको. लाकडी आऱ्यांचे, लोखंडी धावेचे चाकच हवे. काळ न ठरवता काम सुरू केले, तर आजोबा व नातू यांच्या वस्तू एकाच अंगणात येतात.

त्यानंतर प्रमाण. ५० सेंटीमीटरला १ सेंटीमीटर, म्हणजेच १:५० हे प्रमाण हिशेबाला सोपे आहे. १६५ सेंटीमीटर उंचीचा माणूस ३.३ सेंटीमीटरचा होतो. खांद्यापाशी १४० सेंटीमीटर उंच असलेला घोडा २.८ सेंटीमीटरचा होतो. पुष्कळ जण घरांपासून सुरुवात करतात आणि शेवटी उरलेल्या जागेत गाडी बसवू पाहतात. ती बसत नाही. घरे लहानमोठी असू शकतात, घोड्याला मात्र ती मोकळीक नाही. म्हणून गाडी आधी करावी आणि तिच्या मापाने गाव आखावे. मुख्य गल्ली भरलेली गाडी जाईल एवढी, तिठा ती वळेल एवढा आणि आतल्या बोळी केवळ माणसे व जनावरे जातील एवढ्या ठेवल्या, की कागदी गावाला आपोआप खऱ्या गावाची शिस्त येते.

गाड्याही एकाच प्रकारच्या नसतात. एक्का म्हणजे एका घोड्याची दुचाकी गाडी. तिच्या सपाट बैठकीवर प्रवासी मांडी घालून बसत. टांग्यात पुढची व मागची बैठक पाठीला पाठ लावून असते. पुढे हाकणारा व एखादा प्रवासी, मागे उरलेले प्रवासी, अशी ती रचना केवळ सोयीची नाही. दुचाकी गाडीचा भार आसावर तोलला गेला पाहिजे. मागे अधिक माणसे बसली की गाडी उलाळ होते, दांड्या वर उचलल्या जातात आणि घोड्याच्या पोटाखालचा पट्टा ताणला जातो. पुढे भार वाढला, तर तो घोड्याच्या पाठीवर येतो. कागदी टांगाही याच नियमाने वागतो. तयार झालेला टांगा घोडा न जुंपता आसाच्या सुईवर तोलून पाहावा. दांड्या जवळजवळ आडव्या राहिल्या, तर बैठका योग्य जागी आहेत. नसतील तर त्या थोड्या पुढे-मागे सरकवाव्या. टांगा घडवणारा सुतार जे लाकडात करी, तेच येथे कागदात करावयाचे असते.

चाक हा सर्वांत कठीण भाग आहे. खऱ्या चाकाचा व्यास १२० सेंटीमीटर धरला, तर कागदी चाक २.४ सेंटीमीटरचे होते आणि धावेसाठी सुमारे ७.५ सेंटीमीटर लांबीची काळी पट्टी लागते. बारा आरे काढायचे असल्यास दर दोन आऱ्यांमध्ये ३० अंशांचा कोन येतो. लाकडी चाकाचा परीघ अनेक तुकडे जोडून केलेला असतो आणि साधारणपणे प्रत्येक तुकड्यात दोन आरे ठोकलेले असतात. त्यामुळे आऱ्यांची संख्या सम असते. लोखंडी धाव तापवून चढवतात आणि थंड होताना ती आकुंचन पावून सर्व तुकडे घट्ट आवळते. पुष्कळ गाड्यांच्या चाकांत आरे किंचित तिरपे बसवून चाकाला बशीसारखा खोलगटपणा दिलेला असतो, कारण घोड्याच्या चालीने गाडी डावीउजवीकडे हेलकावते आणि तो आडवा धक्का चाकाला सोसावा लागतो. कागदी आऱ्यांचे केंद्र बोटाने हलकेच दाबून तुंब्याशी चिकटवले, की हा आकार मिळतो आणि चाक मजबूतही होते.

कागदाचा स्वभाव येथे माहीत असला पाहिजे. यंत्रावर तयार झालेल्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेने पसरलेले असतात. त्या दिशेने घडी स्वच्छ पडते. आडव्या दिशेने घडी घातली तर कड फाटल्यासारखी दिसते. दिशा ओळखण्यासाठी लहान चौकोनी तुकड्याची एक बाजू ओली करावी. तो गुंडाळू लागतो, आणि त्या गुंडाळीचा अक्ष म्हणजेच तंतूंची दिशा होय. हातकागदात असा ठळक कल नसतो. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात असा कागद पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आला आहे. चाकासाठी पातळ कार्डाचे तीन थर घ्यावे आणि मधल्या थराचे तंतू आडवे ठेवावे, म्हणजे चाक वाकत नाही. खळ पातळ लावावी; पाणी अधिक झाले तर कागद फुगतो. घडी घालण्यापूर्वी बोथट सुरीने रेघ दाबून घ्यावी. धारदार पाते वापरताना मुलांजवळ मोठ्या माणसाने बसावे.

घोडा दुमडलेल्या कार्डातून कापता येतो. पाठीवर घडी आणि दोन्ही बाजूंना पाय. मात्र सर्व पाय सरळ ठेवले तर तो ठोकळा दिसतो. दुडक्या चालीत पुढचा एक पाय आणि त्याच्या विरुद्ध बाजूचा मागचा पाय एकाच वेळी उचलला जातो. पूर्वीचे चित्रकार भरधाव घोडा दाखवताना त्याचे पुढचे पाय पुढे व मागचे मागे ताणलेले काढीत. १८७८ मध्ये एडवर्ड माय्ब्रिज याने ओळीने ठेवलेल्या कॅमेऱ्यांनी घोड्याच्या चालीची छायाचित्रे घेतली आणि ही समजूत चुकीची ठरली. कागदी घोडा दोन पायांवर उभा राहिला तरी पडत नाही, कारण दांड्या त्याला दोन्ही बाजूंनी आधार देतात.

आता घरे. या प्रदेशातील जुन्या ग्रामीण घरांना मातीच्या भिंती आणि सपाट धाबे किंवा गवताचे छप्पर असे. मातीची भिंत हातभर जाड असू शकते. १:५० प्रमाणात ती ९ मिलिमीटर होते. एकेरी कार्डाची भिंत केली, तर दारातून पाहताच घर पोकळ असल्याचे उघड होते. म्हणून भिंत ही चपट्या पेटीसारखी दुमडून करावी. मातीची घरे पाहण्यास गावोगाव हिंडावे लागू नये, अशीही एक सोय झाली आहे. १९७२ मध्ये प्रगती मैदानावर ग्रामीण भारताविषयीच्या प्रदर्शनासाठी निरनिराळ्या प्रदेशांतील झोपड्या व अंगणे पूर्ण आकारात उभारण्यात आली होती. पुढे त्यांतील भाग हस्तकला संग्रहालयाच्या ग्रामसंकुलात समाविष्ट झाला. घरांखेरीज चौपाल, विहीर, 'जोहड' म्हणजे गावतळे, आणि गोवऱ्या रचून वरून लिंपलेले 'बिटोडे' यांनाही जागा द्यावी.

पेटी ६० सेंटीमीटर रुंद व ४० सेंटीमीटर खोल असली, तरी एवढ्याशा जागेत दूरवरची शेते दाखवायची असतात. त्यासाठी मागच्या भागात प्रमाण १:१०० करावे. गाव एखाद्या धाब्यावरून, म्हणजे जमिनीपासून पाच मीटर उंचीवरून दिसत आहे असे मानू. पुढच्या कडेला ही उंची १० सेंटीमीटर होते. क्षितिजरेषा पडद्यावर त्याच उंचीला आखावी आणि पाहणाऱ्याचा डोळाही तेथेच येईल अशी पेटी ठेवावी. मागे पाच मीटर म्हणजे ५ सेंटीमीटरच. म्हणून जमीन मागे जाता जाता ५ सेंटीमीटरने वर चढली पाहिजे. मागचा माणूस १.६५ सेंटीमीटरचा झाल्याने क्षितिजाच्या खाली राहतो. झाडे आणि कोस मिनार तेवढे क्षितिजाच्या वर डोकावतात. मोगल काळातील हे अंतरदर्शक मनोरे सुमारे ९ मीटर उंच आहेत. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारात त्यांतील एक आजही उभा आहे. मथुरेच्या वाटेवरील गाव असेल, तर ९ सेंटीमीटरचा असा मनोरा मागे शोभेल. पडद्याचे कोपरे गोलाकार करावे आणि आकाश क्षितिजाकडे फिकट करत न्यावे.

शेवटचे काम पेटीच्या तळाशी करावयाचे असते. तेथे एक कागद चिकटवून गावाचे नाव, ठरवलेला काळ, प्रमाण, चाकाचा व्यास, गल्लीची रुंदी, आणि कोणते माप प्रत्यक्ष घेतले व कोणते कोणाच्या आठवणीवरून धरले, हे लिहून ठेवावे. कागदी भिंती काही वर्षांत पिवळ्या पडतील, एखादे चाक निखळेलही. परंतु टांगा कधीच न पाहिलेल्या मुलाला त्या मापांवरून नवा टांगा करता येईल, आणि तो आसावर बरोबर तोलला जाईल.