व्हेअरच्या अटीत गळणाऱ्या ओळी

एसक्यूएलमध्ये व्हेअरनंतरची अट टेबलातल्या ओळींना लावली जाते आणि जिथे ती खरी ठरते तेवढ्याच ओळी उत्तरात येतात. जी अट खरी नाही ती खोटीच, असे अनेकजण गृहीत धरतात. प्रत्यक्षात तिसराही निकाल असतो : अज्ञात. कॉलममध्ये नल असेल, म्हणजे मूल्यच नोंदलेले नसेल, तर त्याच्याशी =, <> किंवा > लावून केलेली तुलना अज्ञात ठरते. अशा ओळी व्हेअर वगळते.

समजा, विद्यार्थ्यांच्या टेबलात 100 ओळी आहेत. शहर = 'पुणे' या अटीने 60 मिळतात, शहर <> 'पुणे' या अटीने 30. उरलेल्या 10 जणांचे शहर नल आहे आणि ते दोन्ही उत्तरांतून गळतात. शहर = नल असे लिहूनही ते सापडत नाहीत, कारण नलची नलशी तुलनाही अज्ञातच; त्यासाठी इज नल लागते. नल म्हणजे शून्य नव्हे, रिकामी स्ट्रिंगही नव्हे. ओरॅकल हा डेटाबेस मात्र रिकामी स्ट्रिंग नलच मानते, हा त्याचा जुना हेका.

सर्वांत फसवे प्रकरण नॉट इनचे. उपक्वेरीतून आलेल्या यादीत एक जरी नल असला तरी उत्तरात एकही ओळ येत नाही, आणि एररही दिसत नाही. नॉट इनचा अर्थ 'याच्याशी समान नाही, आणि त्याच्याशीही नाही' असा. त्यातली एक तुलना अज्ञात राहिली की एकूण अट खरी होऊच शकत नाही. अशा जागी नॉट एक्झिस्ट्स वापरणे शहाणपणाचे.

अँड आणि ऑर लिहिल्या क्रमाने लागतात, हाही गैरसमजच. अँड आधी लागतो. शहर = 'पुणे' ऑर शहर = 'नाशिक' अँड गुण >= 75 या अटीत गुणांची चाळणी फक्त नाशिकला लागते; पुण्याचे सगळेच येतात. कंस घातले की प्रश्न मिटतो.

बिटवीन दोन्ही टोके धरते. तरीही तारखेसोबत वेळ साठवली असेल तर '2024-03-01' ते '2024-03-31' या मर्यादेत 31 मार्चच्या मध्यरात्री 00:00 नंतरच्या नोंदी येत नाहीत. 1 मार्चपासून पुढे आणि 1 एप्रिलच्या आधी, अशा दोन अटी बिनचूक ठरतात.

अटी डावीकडून उजवीकडे तपासल्या जातील याचीही हमी नसते. क्रम डेटाबेसचा ऑप्टिमायझर ठरवतो. म्हणून भाजक <> 0 ही अट आधी लिहिली तरी पुढच्या भागाकारात शून्याने भागल्याची एरर येऊ शकते. त्यासाठी भागाकार केसमध्ये घालावा किंवा भाजकाला शून्याचा नल करणारे नलइफ लावावे.